क्राफ्ट कटिंग मशीनसाठी दुसऱ्या कंपनीची स्वस्त ब्लेड चालतात का?

हो चालतात, पण तुमच्या मशीनचं ब्लेड हाउसिंगमधून (म्हणजे ब्लेड धरून ठेवणाऱ्या होल्डरमधून) सुटं निघत असेल तरच, कारण मग फक्त आतली बारीक पाती बदलायची असते आणि तिचा सुटा पॅक अख्ख्या हाउसिंगपेक्षा बराच स्वस्त पडतो. घेताना ब्रँडपेक्षा मापं बघा, दांड्याची जाडी (०.९ मिमीवाली २ मिमीच्या होल्डरमध्ये सैल पडते, नीट बसत नाही), लांबी आणि धारेचा कोन.

- ४५ अंश: कागद, व्हायनल, रोजचं काम
- ६० अंश: जाड कार्डस्टॉक, फेल्ट

नवीन ब्लेड लावल्यावर आधी टेस्ट कट घ्याच, धार वेगळी असते म्हणून प्रेशर थोडं कमीजास्त करावं लागतं. गिअरवर फिरणारी रोटरी (गोल चाकासारखी) किंवा नाइफ (जाड मटेरियल कापणारी) ब्लेड मात्र ओरिजिनलच घ्या, तिथे पैसे वाचवू नका.