वाचकांचे प्रश्न : परिषदेसाठी वक्ता शोधताना

व्यावसायिक परिषदांना पाहुणे वक्ते कसे मिळवावेत, याविषयी नागपूर आणि परिसरातील वाचकांची काही पत्रे आली आहेत. त्यांपैकी ज्यांचा उपयोग इतर आयोजकांनाही होईल, अशा निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : हिंगणा औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदारांची आमची संघटना येत्या डिसेंबरमध्ये एक दिवसाची परिषद घेत आहे. साधारण दोनशे जण येतील. कार्यकारिणीतील काही सदस्यांना एखादा माजी क्रिकेटपटू किंवा प्रसिद्ध प्रेरणादायी वक्ता हवा आहे, तर इतरांना तो खर्च झेपणारा वाटत नाही. शोधाला सुरुवात कोठून करावी? (संघटनेचे चिटणीस, हिंगणा)

उत्तर : शोध नावापासून सुरू केला की कार्यकारिणीत मतभेद होणारच, कारण नावांविषयी प्रत्येकाची आवड वेगळी असते. म्हणून आधी सभासदांना एवढेच विचारावे की, गेल्या वर्षभरात धंद्यात त्यांना सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला. सुटे भाग पुरविणाऱ्या कारखानदारांकडून बहुधा 'मोठ्या कंपन्यांकडे पैसे अडकले आहेत' हेच उत्तर येईल. तसे आले, तर मुख्य भाषणाचा विषय 'यशाची गुरुकिल्ली' न राहता 'थकीत देयकांची वसुली' हा होतो, आणि त्यावर बोलणारा माणूस क्रिकेटपटू नसतो. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते, असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. ही तरतूद आपल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. मात्र सुविधा परिषदेपुढे (थकीत देयकांचे दावे ऐकण्यासाठी याच कायद्याने नेमलेल्या शासकीय यंत्रणेपुढे) असे दावे प्रत्यक्ष चालविलेला वकील कोणती कागदपत्रे लागतात, प्रकरण कोठे अडते आणि दावा केल्यावर ते गिऱ्हाईक टिकते का, हे सांगू लागला की श्रोते वही काढतात.

विषय निश्चित झाल्यावर प्रथम घराजवळ पाहावे. नागपूरच्या आयोजकांना मुंबई-पुण्याकडे बघण्याची इतकी सवय झाली आहे की शहरातच बसलेल्या जाणकारांचा त्यांना विसर पडतो. सांडपाणी व प्रदूषणाचा विषय असेल तर नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था 1958 पासून येथेच आहे. ॲल्युमिनियमवर काम करणाऱ्यांसाठी वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. कारखान्यातील आगीच्या धोक्यासाठी राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, स्फोटके व ज्वलनशील पदार्थांच्या परवान्यांसाठी ते देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय, खाणकामासाठी भारतीय खाण ब्यूरो, उत्पादन तंत्रासाठी व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी शिक्षण देणारे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान आणि व्यवस्थापनासाठी मिहानमधील आयआयएम, असे सारे तासाभराच्या अंतरात आहे. शासकीय संस्थेतील अधिकारी किंवा शास्त्रज्ञ हवा असल्यास व्यक्तीला परस्पर न विचारता संस्थाप्रमुखांना संघटनेच्या पत्रशीर्षावर पत्र द्यावे, त्यात विषय, श्रोत्यांचे स्वरूप, दिनांक आणि वेळ स्पष्ट लिहावी, आणि मानधन स्वीकारण्याबाबत त्यांचे सेवानियम काय सांगतात तेही त्याच पत्रात विचारावे. अशा परवानग्यांना वेळ लागतो; त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेचे पत्र गणपतीच्या सुमारास गेलेले बरे.

मोठ्या नावाला माझा सरसकट विरोध नाही. प्रवेशशुल्क लावून सभागृह भरायचे असेल किंवा प्रायोजक केवळ त्या नावासाठी पैसे देत असेल, तर तो व्यवहार समजण्यासारखा आहे. आपल्या दोनशे सभासदांना मात्र बोलावून आणण्याची गरज नाही, ते येणारच आहेत; आणि अंदाजपत्रकातील निम्मी रक्कम प्रसिद्ध पाहुण्यासोबत छायाचित्र काढण्यावर खर्च करणे म्हणजे वऱ्हाडाचे जेवण कापून घोडीवर पैसे उधळण्यासारखे आहे.

वक्ता पारखताना त्याची दोन मिनिटांची चित्रफीत पाहून भुलू नये. त्याचे एखादे संपूर्ण, न कापलेले भाषण मिळवून शेवटची वीस मिनिटे पाहावीत, कारण तयारी संपल्यावर वक्ता काय करतो हे तेथेच कळते. पूर्वीच्या दोन आयोजकांना दूरध्वनी करून 'भाषण कसे झाले?' असे न विचारता 'पुन्हा बोलवाल का?' असे विचारावे. याशिवाय वक्त्याशी स्वतः थोडा वेळ बोलावे. त्या बोलण्यात त्याने आपल्या श्रोत्यांविषयी एकही प्रश्न विचारला नाही, तर तो सर्वत्र करतो तेच भाषण नागपुरातही करणार, असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : एका एजन्सीने आमच्या परिषदेसाठी एका नामवंत वक्त्याची तारीख 'राखून ठेवली' असल्याचे कळवून निम्मी रक्कम तातडीने मागितली आहे. पैसे पाठवावेत का? (प्रशिक्षण संस्थेच्या संचालिका, धरमपेठ)

उत्तर : लेखी करार होईपर्यंत पाठवू नयेत. अनेक एजन्सी प्रामाणिकपणे काम करतात, परंतु एकाच वक्त्याचे नाव चार जण आपल्या यादीत लावतात आणि तुमची मागणी आल्यावरच त्याच्याशी संपर्क साधतात, हेही या धंद्यात सर्रास चालते. म्हणून वक्त्याच्या कार्यालयाकडून, त्यांच्या अधिकृत ईमेलवरून, दिनांक आणि एजन्सीचे नाव यांना दुजोरा देणारे दोन ओळींचे पत्र मागावे. ते देण्यास टाळाटाळ झाली तर तेथेच थांबावे.

करारात मानधनाचा आकडा तर असतोच. वाद मात्र इतर गोष्टींवरून होतात. विमानाचे तिकीट कोणत्या वर्गाचे, सोबत किती माणसे, भाषण किती मिनिटांचे आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे होणार की नाहीत, प्रायोजकांसोबतच्या भोजनास वक्ता थांबणार का, हे सारे लिहून घ्यावे. रद्द करण्याची अट दोन्ही बाजूंनी असावी. आपण कार्यक्रम रद्द केल्यास आगाऊ रक्कम बुडेल असे प्रत्येक मसुद्यात असते. वक्ता आला नाही तर ती किती दिवसांत परत मिळेल, हे आपल्यालाच घालून घ्यावे लागते. बदली वक्ता आपल्या लेखी संमतीशिवाय चालणार नाही, हेही त्यात असू द्यावे. पूर्ण रक्कम भाषणापूर्वी देण्याचा आग्रह असेल, तर थोडा तरी हिस्सा कार्यक्रमाच्या दिवसावर ठेवण्याचा प्रयत्न करावा.

प्रश्न : वक्त्याच्या मानधनातून टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापावा लागतो का? आमचे वक्ते म्हणतात की रक्कम 'हातात' पूर्ण मिळाली पाहिजे. (खजिनदार, व्यापारी मंडळ, इतवारी)

उत्तर : संस्थेने व्यावसायिक सेवेपोटी दिलेल्या मानधनावर सामान्यतः 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. एका आर्थिक वर्षात एकाच व्यक्तीला दिलेल्या रकमेची त्यासाठीची मर्यादा पूर्वी 30,000 रुपये होती, ती एप्रिल 2025 पासून 50,000 रुपये झाली आहे. वक्त्याने पॅन दिला नाही तर कपात 20 टक्के होते, त्यामुळे पॅन करारासोबतच मागून घ्यावा. वक्ता जीएसटी नोंदणीकृत असल्यास बिलात 18 टक्के कर वेगळा येईल. तो वेगळा दाखविला असेल तर टीडीएस मूळ मानधनावरच काढावा. प्रवासखर्च मानधनात मिसळून एकच आकडा लावला की कपात सगळ्यावर होते, म्हणून तिकीट आणि हॉटेल संस्थेने थेट आपल्या नावे काढणे सोयीचे. 'हातात पूर्ण' या अटीचा अर्थ कराचा भार तुमच्यावर, असा होतो. ती मान्य करायची असेल तर कर धरून येणारा आकडा कार्यकारिणीपुढे आधी ठेवा. परदेशातून येणाऱ्या वक्त्यांचे नियम वेगळे आहेत, तेथे सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

प्रश्न : गेल्या जानेवारीत दिल्लीचे विमान धुक्यात अडकले आणि आमचे मुख्य वक्ते जेवण आटोपल्यावर पोहोचले. यावर उपाय आहे का? (उद्योजक, बुटीबोरी)

उत्तर : डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून सकाळच्या विमानाने येणाऱ्या वक्त्याला पहिले सत्र देऊच नये. आदल्या दिवशी दुपारपर्यंत त्याला नागपुरात आणावे, आणि एका रात्रीच्या खोलीचे भाडे वाचविण्याचा मोह टाळावा. मुंबईच्या वक्त्यांसाठी रात्रीची दुरांतो हा चांगला पर्याय आहे. विमानाला सरावलेले लोक त्याला नाक मुरडतात, तरी विचारून पाहावे. शिवाय स्थानिक जाणकारांचे एक चर्चासत्र असे ठेवावे की जे कोणत्याही क्षणी पुढे घेता येईल, आणि त्यातील सहभागींना हे आधीच सांगून ठेवावे.

डिसेंबरच्या आयोजकांनी आणखी एक पाहावे. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, सिव्हिल लाइन्सच्या परिसरात बंदोबस्त असतो आणि मोर्चांमुळे सीताबर्डीकडील रस्ते अचानक बंद होतात. मंत्री गावातच आहेत म्हणून उद्घाटनाला येतील या आशेवर बरेच जण नेमके तेच दिवस निवडतात. सभागृहाचे कामकाज लांबले की व्यासपीठावरची खुर्ची रिकामी राहते आणि वक्ता तासभर ताटकळतो. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर येणाऱ्या जनसागरामुळे गाड्या व निवासव्यवस्था भरलेल्या असतात, हे नागपूरकरांना सांगायला नको. बाहेरच्या एजन्सीला मात्र सांगावे लागते.

प्रश्न : भाषणाचे चित्रीकरण आम्ही आमच्या यूट्यूब वाहिनीवर टाकू शकतो ना? कार्यक्रम तर आमचाच आहे. (माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या मनुष्यबळ अधिकारी, परसोडी)

उत्तर : परवानगीशिवाय टाकू नये. सार्वजनिक भाषणाचा स्वामित्वहक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रथमतः भाषण करणाऱ्याकडे, किंवा तो ज्यांच्या वतीने बोलत असेल त्यांच्याकडे असतो. केवळ सभागृहाचे भाडे भरल्याने तो आयोजकाकडे येत नाही. गंमत म्हणजे, याच कायद्यातील 'कलाकारा'च्या व्याख्येत गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांच्या ओळीतच व्याख्यान देणाऱ्यालाही बसविले आहे, आणि आपल्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण होऊ द्यायचे की नाही हे ठरविण्याचा हक्क या सर्वांना दिला आहे. त्यामुळे करारातच लिहून घ्यावे की चित्रीकरण संपूर्ण भाषणाचे की काही भागाचे, ते केवळ सभासदांसाठी की सर्वांसाठी खुले, आणि किती काळ. पुष्कळ वक्ते दहा मिनिटांपर्यंतच्या भागाला आनंदाने संमती देतात आणि संपूर्ण भाषणाला नकार देतात, कारण तेच त्यांच्या उपजीविकेचे साधन असते. स्लाइडवरील छायाचित्रे व तक्ते वक्त्याचे स्वतःचे नसतील तर त्यांच्या मूळ मालकांची संमती वेगळी लागते. ती मिळविण्याची जबाबदारी वक्त्याची, असे वाक्य करारात असावे.