पावसानंतर कालवं का मरतात?

प्रश्न : मुसळधार पावसानंतर पाचव्या दिवशी तराफ्याला दोरांनी टांगलेल्या टोपल्यांतली निम्मी कालवं शिंपले उघडे पडून मेली. हा रोग आहे का?

उत्तर : रोगाआधी पाणी तपासा. खारटपणा एकदम उतरला की कालवं शिंपले घट्ट मिटून घेतात. मिटलेल्या शिंपल्यात श्वसनही कोंडतं आणि खाणंही थांबतं. थंड पाण्यात ती बरेच दिवस तग धरतात, कोमट पाण्यात फार लवकर दमतात. गोडं पाणी हलकं, वरच तरंगतं. म्हणून वरच्या टोपल्यांत मर जास्त असेल तर कारण बहुधा हेच. खालच्या टोपल्यांत जास्त असेल तर प्राणवायू पहाटे मोजा, तेव्हा तो सर्वांत कमी असतो. लिटरला २ मिलिग्रॅमखाली धोका. पुढच्या पावसाआधी दोर खोल सोडा, पण गाळाला टेकू देऊ नका. मेलेली कालवं आजच काढा. कुजताना ती उरलेला प्राणवायू ओढतात.