लेकराला पापी म्हणण्याआधी

ताई, सदर भागातल्या चर्चमध्ये संडे स्कूलचा, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायचा वर्ग तुमच्याकडे आला, याचा फार आनंद झाला. पाप जन्मतःच असतं की शिकलं जातं, हा तुमचा प्रश्न जुना आहे. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीन म्हणत होता, आदामापासून, म्हणजे पहिल्या माणसापासून, पाप वारशानं येतं. त्याच काळातला साधू पेलाजियस याच्या मते माणूस वाईट उदाहरण पाहून बिघडतो. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसची शिकवण नाकारली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र मरण आणि दुबळेपण वारशानं येतं असं मानतात, आदामाचा दोष वारशानं येतो असं मानत नाहीत. बायबलमधलं स्तोत्र 51:5, म्हणजे 'मी जन्मतःच पापी आहे' हे वचन शिकवाल, तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 18:20 ही वाचा. बापाच्या अन्यायाचा भार मुलानं वाहायचा नाही, असं तिथे स्पष्ट आहे.

मला विचाराल तर कल जन्माचा, सवय घराची. दोन वर्षांच्या पोराला खेळणं हिसकायला कोणी शिकवत नाही. पण फोन आला की 'पप्पा घरी नाहीत म्हणून सांग' हे आपणच शिकवतो ना! म्हणून लेकरांना 'तू पापी आहेस' असं कधीही म्हणू नका, ते जिव्हारी लागतं आणि राहतं. 'हे चुकलं, चल माफी मागू' एवढं पुरे. आपलं चुकलं तर त्यांच्यासमोर आपणही मागायची.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात, 6:7 मध्ये, देवाच्या आज्ञा मुलांना घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना शिकवायला सांगितलंय. रविवारच्या तासात ते कसं मावणार? त्यामुळे आधी आईबापांना घरी जाऊन भेटा. अन् मे महिन्यातला वर्ग ऊन चढायच्या आत आटपा, पाठांतर थोडं कमी झालं तरी चालेल.