अमेरिकेतल्या गुलामगिरीत आईचा स्वतःच्या मुलांवर काही हक्क होता का?

कायद्याने जवळजवळ शून्य. व्हर्जिनियात 1662 साली कायदाच झाला की मुलाचा दर्जा आईवरून ठरणार. आई गुलाम तर मूलही गुलाम, मग बाप खुद्द मालक का असेना. मालक कर्जात बुडाला किंवा मेला आणि वारसांत वाटणी झाली, की बऱ्याचदा मायलेकरांची ताटातूट व्हायची.

पोर परत मिळवल्याचं एक उदाहरण मात्र आहे, पुढे गुलामगिरीविरोधी वक्ता म्हणून गाजलेल्या सोजर्नर ट्रूथचं (तेव्हाची इसाबेला). न्यूयॉर्कमध्ये गुलामाला राज्याबाहेर विकायला बंदी होती, तरी तिचा पाचेक वर्षांचा पीटर दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात पोचला होता. लिहिता-वाचता न येणारी ही बाई कोर्टात गेली आणि 1828 मध्ये जिंकली. पोरगा आला तो अंगावर माराचे वळ घेऊन, आणि सुरुवातीला तर तिला आई मानायलाच तयार नव्हता. पण निकाल लागला तो विक्री बेकायदेशीर म्हणून, आईचा हक्क म्हणून नव्हे. दक्षिणेत हा व्यापार कायदेशीरच, तिथे दाद कुणाकडे मागणार?

1865 मध्ये गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या आया वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायच्या. मुलाचं नाव, जुन्या मालकाचं नाव, कुठे विकला गेला, एवढाच मजकूर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या छापून येत होत्या.