क्रूझवर डायव्हिंग करायचंय? आधी घड्याळ बघ

अरे, तुझा मेसेज वाचला. मायामीहून सात दिवसांची क्रूझ, चार पोर्ट आणि चारही ठिकाणी डाइव्ह! एवढी हौस बरी नाही रे बाबा, दोनच कर, त्यातलं एक कोझुमेल, म्हणजे मेक्सिकोचं बेट.

पण त्याआधी एक सांग, मालवणला तू जे केलंस तो कोर्स होता का? कारण तिथे बहुतेक लोक इन्स्ट्रक्टरचा हात धरून खाली जाऊन फोटो काढून येतात, ते सर्टिफिकेशन नव्हे, आणि ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड नसेल तर कोझुमेलच्या पालांकार रीफवर तुला सहसा कोणी नेणार नाही. तिथे ड्रिफ्ट डायव्हिंग असतं, म्हणजे करंटच तुला पुढे नेतो आणि बोट वरून मागोमाग येते, फार पाय मारावे लागत नाहीत, पण बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं, सांभाळता आली पाहिजे, नाहीतर कोरलला धडकशील.

आता घड्याळाचं. कोझुमेलमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, अमेरिकेत करतात, त्यामुळे मे-जूनमध्ये जहाज मायामीच्याच वेळेवर चालत असेल तर बेटावरची वेळ त्याच्या एक तास मागे असते. माझ्या फोनने गुपचूप बेटाची वेळ धरली आणि मी मजेत टाको खात बसले होते, शेजारच्या टेबलावरचे आजोबा उठून लगबगीने निघाले म्हणून मला जाग आली, नंतर धक्क्यावर जी धावले ती आयुष्यात कधी धावले नव्हते. तेव्हापासून मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेचं. जहाजाकडून घेतलेली ट्रिप लेट झाली तर ते थांबतात, स्वतः बाहेर बुक केलंस तर थांबत नाहीत. मी तरी बाहेरच बुक करते, ग्रुप छोटा असतो, पण फक्त सकाळची दोन टँकची, म्हणजे दोन डाइव्हची, बोट घेते, दुपारची नाही.

दुसरं पोर्ट ग्रँड केमन घे, तेही कॅरिबियनमधलं बेट. अमेरिकन नेव्हीचं किट्टीवेक नावाचं जुनं जहाज तिथे २०११ मध्ये मुद्दाम बुडवलंय, ते बघायला मजा येते. तिथे मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, टेंडर म्हणजे छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं, त्यात वेळ जातो आणि समुद्र खवळला तर कॅप्टन पोर्टच रद्द करतो, म्हणून अशा वेळी पैसे परत मिळतात का ते आधी विचार.

बेलीझचं ब्लू होल, म्हणजे समुद्रातला तो खोल गोल खड्डा, विसर. किनाऱ्यापासून लांब आहे, एका दिवसात जहाजावर परत पोचणं अवघड, आणि बघण्यासारखे ते लोंबते खडक साधारण ४० मीटरवर आहेत, ओपन वॉटरच्या कार्डाची मर्यादा १८ मीटर.

आणि विमान! डाइव्हनंतर लगेच उडायचं नसतं: एक डाइव्ह केलीस तर उड्डाणाआधी किमान १२ तास थांबायचं, जास्त केल्या तर १८. म्हणजे शेवटच्या दिवशी दुपारी चारला पाण्याबाहेर आलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची फ्लाइट, की १७च तास झाले. शेवटच्या पोर्टला नुसतं स्नॉर्कलिंग कर की. डाइव्ह झाल्यावर लगेच हॉट टबमध्येही उतरू नकोस, आणि ड्रिंक पॅकेज वसूल करायचं ते आदल्या रात्री तर नाहीच.

सर्दी असेल तर पैसे गेले समज, कान मोकळे होत नसताना खाली जायचं नाही.

आणि हो, तुझा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच आहे ना? मायामीला परत शिरायचंय तुला. आजच पासपोर्ट उघडून बघ आणि मला कळव.