पाय बरा झाला, पण कशामुळे?

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा सावकाश वाचला. घोटा मुरगळलेले तीस रुग्ण घ्यायचे, सगळ्यांना दुखऱ्या जागी लेझर किरणांचा उपचार द्यायचा, पहिल्या दिवशी आणि सहा आठवड्यांनी वेदना मोजायच्या आणि दोन्हींतला फरक मांडायचा. मेहनत दिसते, रुग्णांबद्दलची कळकळही दिसते. म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहिते. या अभ्यासातून तुला उत्तर मिळेल, ते छानही दिसेल, पण त्यावरून लेझरबद्दल काहीच कळणार नाही.

मुरगळलेल्या घोट्याचं दुखणं पहिल्या दोन आठवड्यांतच भराभर उतरतं. लेझर दिला तरी आणि नाही दिला तरी. लिगामेंटचे, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे, धागे तुटले की सूज येते, पेशी तिथला मलबा उचलतात, मग घाईघाईने कच्चं कोलॅजन (धाग्यांसारखं प्रथिन) भरलं जातं आणि पुढे कित्येक महिने ते ताणाच्या दिशेने रचलं जाऊन भक्कम होत राहतं. शरीर हे काम आपल्याला न विचारता करतं. शिवाय माणूस आपल्याकडे येतो तो दुखणं अगदी असह्य झाल्यावर. तिथून पुढे ते बहुतेक वेळा उतरणारच असतं. या दोन्ही गोष्टींचं श्रेय त्या काळात जो कोणी रुग्णाजवळ असेल त्याच्या पदरात पडतं. मग तो लेप लावणारा असो, शेक देणारा असो की मशीन चालवणारा. स्नायू, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि लिगामेंटच्या दुखापतींवर इतके नानाविध उपचार वर्षानुवर्षं का टिकून राहतात, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. या क्षेत्रातल्या संशोधकाचं पहिलं काम म्हणजे हे श्रेय नीट वाटून देणं.

याचं सर्वात बोलकं उदाहरण पीआरपीचं, म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्माचं आहे. रुग्णाचंच रक्त घेऊन, त्यातल्या प्लेटलेट्स एकवटून त्या दुखऱ्या टेंडनमध्ये टोचायच्या. कल्पना मोहात पाडणारी आहे, कारण प्लेटलेट्समध्ये पेशींच्या वाढीला चालना देणारे घटक खरोखरच असतात. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी टाचेच्या टेंडनच्या जुनाट दुखण्याचे ५४ रुग्ण घेतले. रक्त सगळ्यांचं काढलं. निम्म्यांना पीआरपी दिलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. सिरिंज झाकलेली होती आणि व्यायाम दोन्ही गटांना एकच दिला होता. २४ आठवड्यांनी शंभर गुणांच्या मापावर पीआरपी गटाची सुधारणा झाली २१.७ गुणांची. हा आकडा एकटा समोर ठेवला तर कुणीही म्हणेल की उपचार लागू पडला. मिठाच्या पाण्याच्या गटाची सुधारणा होती २०.५. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या २४० रुग्णांच्या अभ्यासातही खोट्या इंजेक्शनपेक्षा पीआरपी सरस ठरलं नाही. तुझ्या आराखड्यात आज फक्त २१.७ मोजायची सोय आहे. २०.५ मोजणारा गटच नाही.

तेव्हा तुलनेसाठी गट हवाच, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीनेच ठरायला हवं. तुझ्या मनाने नाही, रुग्णाच्या इच्छेने नाही, आणि 'सोमवारी आलेले इकडे, मंगळवारी आलेले तिकडे' असंही नाही. वार ठरलेला असला की सोमवारी कोणाला बोलवायचं हे ठरवण्याची सूत्रं आपोआप कुणाच्या तरी हातात जातात. बंद लिफाफे वापरणार असशील तर ते जाड, अपारदर्शक आणि क्रमांक घातलेले असू देत. पातळ लिफाफा उजेडासमोर धरला की आतली अक्षरं दिसतात, आणि आपला लाडका रुग्ण 'चांगल्या' गटात जावा असं भल्या माणसांनाही वाटतं. यात कुणी लबाड असतं असं नाही. रुग्णाच्या मायेपोटीच हे घडतं, म्हणून तर त्यापासून जपायचं. शक्य असेल तर चिठ्ठी काढण्याचं काम रुग्णाला कधीही न भेटणाऱ्या व्यक्तीकडे सोपव.

आता मोजायचं कधी? माझ्या मते तुझ्या आराखड्यातली सर्वात मोठी अडचण हीच आहे. टेनिस एल्बोचा, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचा, ऑस्ट्रेलियातला २००६ चा अभ्यास माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी वाचायला देते. १९८ रुग्ण, तीन गट: स्टिरॉइडचं इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि 'थांबा, वाट पाहा'. सहा आठवड्यांनी इंजेक्शन गटातले ७८ टक्के लोक बरे होते, फिजिओ गटातले ६५ टक्के, आणि वाट पाहणाऱ्यांतले अवघे २७ टक्के. अभ्यास तिथेच थांबवला असता तर इंजेक्शनचा जयजयकार झाला असता. संशोधक वर्षभर थांबले. इंजेक्शनने बरं वाटलेल्या ६५ जणांपैकी ४७ जणांचं दुखणं नंतर उलटलं, आणि वर्षाच्या शेवटी इंजेक्शनचा गट बाकी दोघांच्या मागे पडला. २०१३ मध्ये १६५ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासानेही वर्षभरानंतर हेच दाखवलं. सहा आठवड्यांनी जो रुग्ण हसत हात मिळवतो, तो सहा महिन्यांनी कुठे आहे हे ज्याने विचारलं नाही त्याने अर्धीच गोष्ट पाहिली. रोजच्या ओपीडीत हे कळायला मार्गच नाही, कारण दुखणं उलटलेला माणूस बहुधा दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो.

घोट्याचंही तसंच आहे. वर्षभरानंतरही वेगवेगळ्या अभ्यासांत ५ ते ३३ टक्के लोकांना दुखत असतं, आणि पाय पुन्हा मुरगळणारेही पुष्कळ असतात. म्हणजे ज्या प्रश्नाला कुणीतरी भिडायला हवं तो पहिल्या पंधरवड्याच्या वेदनेचा नाही, पुढच्या वर्षभराचा आहे. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला अभ्यास मला म्हणूनच फार आवडतो. घोटा मुरगळून बरे झालेले खेळाडू घेतले आणि निम्म्यांना आठ आठवडे घरच्या घरी करायचे तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षभरात व्यायाम गटातल्या २२ टक्के लोकांचा पाय पुन्हा मुरगळला, दुसऱ्या गटात ३३ टक्के लोकांचा. मशीन नाही, इंजेक्शन नाही. प्रश्न नेमका होता आणि धीर होता.

तू लिहिलं आहेस की 'आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे तर सिद्ध झालेलंच आहे, त्यामुळे ते दोन्ही गटांना देऊ.' दोन्ही गटांना देण्याला माझी हरकत नाही, 'सिद्ध' या शब्दाला आहे. या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'राइस' (RICE) हे सूत्र अमेरिकेतले क्रीडावैद्यक डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि ते जगभर पाठ झालं. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांमुळे भरून येणं लांबू शकतं. डेन्मार्कमध्ये ५० हौशी खेळाडूंवर एक अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू फाटल्यावर एका गटाने दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू केला, दुसऱ्याने नवव्या दिवसापासून. फरक फक्त आठवडाभराच्या आरामाचा. पहिला गट ६२.५ दिवसांत खेळायला परतला, दुसऱ्याला ८३ दिवस लागले.

हे वाचून 'म्हणजे हालचाल नेहमीच चांगली' असं लगेच वहीत लिहू नकोस. ब्रिटनमध्ये घोट्याच्या गंभीर दुखापतीच्या ५८४ रुग्णांवर अभ्यास झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार पर्याय होते, आणि तीन महिन्यांनी नुसत्या लवचीक पट्टीपेक्षा दहा दिवसांचं प्लॅस्टर सरस ठरलं. तज्ज्ञ प्लॅस्टरला जुनाट समजत असताना हा निकाल आला. नऊ महिन्यांनी मात्र गटांमध्ये फरक उरला नव्हता. दुखापत किती मोठी, कोणत्या ऊतीची, कोणत्या टप्प्यावरची, यावर उत्तर बदलतं. म्हणून रुग्ण निवडायच्या अटी लिहिताना 'घोट्याची दुखापत' एवढ्यावर भागवू नकोस. किती दिवसांची, पायावर भार देता येतो का, पहिल्यांदाच मुरगळला की आधीही, हे सगळं लिही.

उपचाराचं वर्णनही असंच काटेकोर हवं. 'लेझर दिला' यातून वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. तरंगलांबी, शक्ती, किती बिंदूंवर, किती सेकंद, आठवड्यातून किती वेळा, सगळं लिहायचं. व्यायामाच्या बाबतीत तर आपल्या लोकांचा हात फारच आखडता असतो. स्वीडनमध्ये अल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये टाचेच्या टेंडनसाठी दिलेला व्यायाम बघ: गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असे तीन सेट, गुडघा वाकवून तसेच तीन सेट, हे दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा टाच खाली सोडायची, तीही दुखत असताना. अभ्यास छोटा होता, व्यायाम गटात अवघे १५ जण आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती. पण वर्णन इतकं स्वच्छ होतं की जगभरच्या लोकांना तो व्यायाम जसाच्या तसा करून पाहता आला, तपासता आला. २०१५ मध्ये आठवड्यातून तीनच दिवस जड वजनाने संथ व्यायाम करणाऱ्यांची त्याच्याशी तुलना झाली आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. आधीच्याने नीट लिहून ठेवलं होतं म्हणून पुढच्याला विचारता आलं. रुग्णाने तो व्यायाम खरंच किती केला, हेही रोजच्या वहीत टिपून घे. न केलेल्या व्यायामाला अपयशी ठरवणं अन्यायाचं आहे.

मोजमापाबद्दल तू फक्त वेदनेचा आकडा लिहिला आहेस. त्याच्या जोडीला रुग्ण काय करू शकतो हे हवं: जिना, पळणं, कामावर परतणं. सूज मोजायची असेल तर टेप इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायला शिकून घे. घोट्याच्या पुढे, बाहेरचं हाड आणि पुढची टेंडन यांच्या मधोमध टेपचं टोक धरायचं, तिथून पायाच्या आतल्या कडेला, तळव्याखालून बाहेरच्या कडेच्या उंचवट्याकडे, परत घोट्यावरून आतल्या हाडाखाली, मागे टाचेच्या टेंडनवरून बाहेरच्या हाडाखाली आणि पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर. टेप आवळायची नाही आणि लोंबूही द्यायची नाही. तू आणि तुझा सहकारी, दोघांनी एकाच पायाची सूज एकमेकांचे आकडे न पाहता मोजा. तुमच्या दोघांत जेवढा फरक पडतो तेवढाच फरक उपचाराने पडला असेल, तर तो उपचाराचा आहे असं म्हणता येणार नाही. आणि मोजणाऱ्याला रुग्णाचा गट ठाऊक नसावा. रुग्णाला आधीच बजावून ठेव, 'मला काय दिलं ते यांना सांगायचं नाही.' नाहीतर खुर्चीत बसता बसताच तो सांगून टाकतो.

मुख्य मोजमाप एकच ठरव आणि पहिला रुग्ण घेण्याआधी अभ्यासाची नोंदणी करून त्यात ते लिहून टाक. दहा गोष्टी मोजून शेवटी जी जिंकली तिलाच पुढे करायचं, हा मोह मोठमोठ्यांना पडतो. नोंदणी झालेली असली की तो दरवाजा बंद होतो.

राहता राहिले रुग्ण. वर्षभराच्या फॉलो-अपला माणसं गळतात, आणि कोण गळतं हे महत्त्वाचं असतं. पूर्ण बरा झालेला येत नाही कारण त्याला गरज उरत नाही. वैतागलेलाही येत नाही. मग हाती उरतात ते मधले. म्हणून ज्यांचे फोन लागत नाहीत त्यांच्यासाठी सर्वात जास्त वेळ राखून ठेव. त्यांनी आपलं दुखणं आणि आपला वेळ एका चिठ्ठीच्या हवाली केलेला असतो, तोही मुख्यतः पुढच्या रुग्णांच्या भल्यासाठी. संमतीपत्र वाचून दाखवताना घाई करू नकोस. 'आम्हाला अजून माहीत नाही कोणतं चांगलं, म्हणूनच हा अभ्यास' हे वाक्य डोळ्यांत बघून म्हणता यायला हवं. ते म्हणताना तू अडखळलीस, तर लेझरचा निकाल तुझ्या मनात आधीच लागलेला आहे असं समज, आणि चिठ्ठी, मोजमाप या सगळ्यापासून स्वतः दूर राहा.

एक काम लगेच कर. इन्फ्रारेड लेझर डोळ्यांना दिसत नाही आणि कमी शक्तीचा असेल तर जाणवतही नाही. त्यामुळे खोटा लेझर देणं जमण्यासारखं आहे. मशीन चालू असल्याचा दिवा आणि आवाज तसाच ठेवून फक्त किरण बंद करता येतात का, हे मशीनच्या कंपनीला विचार. येत असतील तर तुझा दुसरा गट तयार झाला. उत्तर आलं की कळव. किती रुग्ण लागतील त्याचं गणित मग बसून करू. ते तीसपेक्षा बरेच जास्त निघतील, त्याची तयारी ठेव.

तुझी,
मार्गदर्शक