नायक पोटापाण्याला काय करतो?

प्रश्न : ताई, पुरस्कार मिळाला म्हणून आणलेली तिसरी कादंबरी मी पन्नासाव्या पानावर मिटली. तुम्ही आयुष्य वाचनालयात काढलंत. परीक्षण नको, पण गेल्या दोन-चार महिन्यांत निव्वळ मजेसाठी काय वाचलंत, कसं वाटलं, तेवढं सांगा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : पन्नास पानं म्हणजे तुम्ही बरंच सोसलंत. मी तिसाला मिटते.

31 वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसले, पण पुस्तकं आतून फार कमी पाहिली. कुठलं पुस्तक पानात हळद लागून परत येतं, कुठलं जसंच्या तसं, एवढं मात्र पाठ होतं. निवृत्त झाल्यावर हळद लागणाऱ्यांपासून सुरुवात केली. त्यात माझी एक खोड माझ्याच लक्षात आली. मला कादंबरीतली माणसं काम करताना दिसायला हवीत. शंभर पानं झाली तरी नायक पोटापाण्याला काय करतो ते कळत नसेल, तर त्याच्या प्रेमभंगात माझा जीव अडकत नाही.

म्हणून प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ (1981) दोन रात्रींत संपली. मुंबईचा इंजिनिअर विश्वनाथ मेहेंदळे हिमालयात सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलात जातो. सरळसोट कडा, खाली सतलज आणि त्या कड्यातून रस्ता काढायचा. वरच्या मेजर बंबांना तो लवकर हवाय, ह्याला तो नीट हवाय. सगळं भांडण एवढंच, पण सुरुंग लागायच्या आधी मी श्वास धरून बसत होते. पेंढारकर फिल्म्स डिव्हिजनसाठी माहितीपट करायचे. वाक्यं तशीच, आखूड आणि समोरचं दाखवणारी. घरची पत्रं येतात तिथे जरा गोडवा जास्त झालाय. तो मी माफ केला.

त्यानंतर ‘बनगरवाडी’ (1955). शाळेत असताना धडा म्हणून वाचलं होतं तेव्हा नुसतीच मेंढरं आठवायची. ह्या खेपेला मास्तर आठवतो. पोरं मेंढरांमागे रानात, शाळा रिकामी, आणि हा कोवळा पोरगा घरोघर जाऊन पोरं गोळा करतो. गावाची तालीम उभी राहते, औंधचे राजे येतात, आणि मग पाऊस दगा देतो. व्यंकटेश माडगूळकर दुष्काळावर एकही भाषण करत नाहीत. माणसं निघून जातात, बस. मला शेवटची पानं परत वाचवेनात, आणि पुस्तक लगेच परतही करवेना. दंड मात्र भरला नाही, जुनी ओळख कामाला आली.

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’बद्दल (1960) सांगू की नको, अशा विचारात होते, कारण तुम्ही ‘मजा’ म्हणालात. कौतिकचं आयुष्य म्हणजे एक भोक बुजवावं तर दुसरं पडतं. पण त्यातली वऱ्हाडी! मी कोकणातली, पहिली वीस पानं अडखळले. मग शेजारच्या वहिनींना गाठलं, त्या अमरावतीकडच्या. त्यांनी भाजी निवडता निवडता संवाद मोठ्यानं वाचले आणि कौतिक माझ्या ओट्यावर येऊन बसली. एका जागी वहिनींचाच आवाज बंद पडला. पुढची पानं आम्ही आपापली वाचली. ह्याला मजा म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा. मी तरी तिसाव्या पानावर मिटली नाही.

आणि हो, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ही परत काढली. विशीत पांडुरंग सांगवीकरचा राग यायचा, बापाचे पैसे उडवतो म्हणून. आता बापाचाच जास्त विचार येतो. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं तेव्हाही सोसली नव्हती, आताही नाही.

प्रश्न : जाडजूड कादंबरी बघूनच धडकी भरते. तुम्ही अशी एखादी पुरी केलीत का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अर्धी. श्री. ना. पेंडश्यांचे ‘तुंबाडचे खोत’ (1987) दोन खंडांत आहेत. जगबुडी नदीच्या काठचं घराणं, चार पिढ्या. तुम्ही चिपळूणचे, तुम्हाला भाषा तरी अडणार नाही. नावं फार, म्हणून मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं वंशावळ काढली. वाचनालयाच्या पुस्तकावर! पूर्वी कुणी हे केलं असतं तर मी त्याचं कार्ड अडवलं असतं. पहिला खंड दहा दिवसांत झाला. दुसरा दुसऱ्याच कुणाकडे गेलाय. टेबलावरच्या नव्या मुलीला मी तीनदा फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, नंबर आला की कळवते.”